पिक्चरात नकार कुठं आहे?

कुर्ल्यातल्या आमच्या वस्तीनं वर्गणी काढून विहारात एक टीव्ही आणला. वर्गणी काढताना सगळ्यांचं एकमत होतं. टीव्ही भिंतीवर चढला आणि भांडण सुरू झालं. लावायचं काय? म्हाताऱ्यांना बातम्या पाहिजेत, पोरांना क्रिकेट, बायकांचं म्हणणं की आम्हाला मोकळी वेळ मिळंल तवा काय पण चालंल, पण आवाज आमच्या हातात द्या. शेवटी ठरलं की दर रविवारी रात्री एक पिक्चर लावायचा आणि तो बघून झाल्यावर तिथंच बसून बोलायचं. पिक्चर निवडायचं काम आलं माझ्या गळ्यात. का? तर मी कविता करतो. कविता करणाऱ्याला सगळंच कळतं असा आपल्याकडं एक गैरसमज आहे.

मी समीक्षक नाही. दहावीनंतर शाळा सुटली. भिवंडीकडं कापडाच्या एका गिरणीत डाईंग खात्यात उभा असतो. ठाण्यापर्यंत लोकल, पुढं एस. टी. जे काही वाचलं ते गाडीत आणि रातपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा कॅमेऱ्याचा कोन, प्रकाशयोजना, लय असल्या गोष्टींवर मी बोलणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बोलण्यात आपण कधी नसतो. मी बोलणार आहे ते आमच्या विहारात काय झालं त्यावर, आणि तुमच्या वस्तीत तुम्ही काय लावावं त्यावर.

टीव्हीवर आपण कधी येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला. त्या दिवशी जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) आठवणीनं शोधायचा. मामुटीनं त्यात जीव ओतलाय, त्याबद्दल वाद नाही. २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका रोज रात्री लागायची तेव्हा आमच्या गल्लीत स्वैपाक लवकर उरकायचे. ही झाली बाबासाहेबांची गोष्ट. पण बाबासाहेब ज्यांच्यासाठी लढले त्या माणसांची गोष्ट वर्षाच्या बाकीच्या दिवसांत कुठं असते? असते, पण कुठल्या तरी कोपऱ्यात. कधीतरी दूरदर्शनवर रविवारी दुपारी बक्षीस मिळालेले परभाषेतले पिक्चर लागायचे, वडील सांगतात. दुपारची झोप मोडून कोण बघणार? तरी वडिलांसारखी काही माणसं बघायची. तो काळ गेला. आता ते पिक्चर कुणाच्या पेनड्राईव्हमध्ये, कुणाच्या मोबाईलवर असतात. शोधावे लागतात. मी शोधले. सगळेच चांगले निघाले नाहीत. जे निघाले त्यांच्याबद्दल लिहितोय.

पहिल्या रविवारी मी लावला 'सद्गती'. सत्यजित राय यांनी १९८१ साली खास दूरदर्शनसाठी काढलेला. प्रेमचंदांची गोष्ट. ओम पुरी, स्मिता पाटील, मोहन आगाशे. तासाभराच्या आत संपतो. म्हणजे रातपाळीला जाणारा माणूससुद्धा बघून जाईल.

गोष्ट एवढीच. दुखी चांभार. पोरीची सोयरीक ठरवायची म्हणून पंडिताकडं मुहूर्त विचारायला जातो. नुकताच तापातून उठलाय, पोटात अन्न नाही. पंडित म्हणतो, येतो, पण आधी ओसरी झाड, भुसा उचल, आणि ते लाकूड फोड. लाकूड कसलं, गाठीचा ओंडका. दुखी घाव घालतो, घालतो, घालतो आणि तिथंच मरतो.

आमच्या विहारात त्या रात्री साठेक माणसं होती. ओंडक्याचा प्रसंग सुरू झाला तशी पोरं चुळबुळ करायला लागली. आमच्यातला एक तडफेचा कार्यकर्ता, माझा जिवलग दोस्त, उठून उभा राहिला. म्हणाला, "बंद कर रे हे. मार खाणारी, मरणारी आपली माणसं अजून किती बघायची? ह्या लोकांना आपण मेल्यावरच आवडतो." आणि तो गेला. त्याच्या मागं दहा-बारा जण गेले. खरं सांगतो, मला वाटलं तो बरोबर बोलतोय. मीच उठून टीव्ही बंद करणार होतो. वडील म्हणाले, "राहू दे. माणूस मेल्यावर काय हुतंय ते बघू."

आणि दोस्तांनो, पिक्चर तिथंच सुरू होतो.

दुखीचं प्रेत पंडिताच्या दारात पडलंय. विहिरीची वाट तिथूनच जाते. बामणांचं पाणी अडलं. आता प्रेत उचलायचं कुणी? चांभारवाड्यात निरोप जातो. पण तिथं आधीच एक गोंड जाऊन सांगून आलाय की प्रेताला हात लावू नका, पोलीस येतील, चौकशी होईल. आणि चांभारवाडा गप्प बसतो. कुणी येत नाही. एक माणूस येत नाही. पाऊस पडतो. दुखीची बायको झुरिया, स्मिता पाटील, एकटी येऊन पंडिताच्या बंद दारावर टाहो फोडते. पंडित आत बसून राहतो. शेवटी सकाळी, कोणी बघायच्या आत, तो स्वतः काठीनं प्रेताचा पाय उचलतो, दोरीचा फास घालतो आणि ओढत नेतो. मेलेली ढोरं टाकतात तिथं नेऊन टाकतो. परत येऊन गंगाजळ शिंपडतो. कुऱ्हाड त्या ओंडक्यात रुतलेली तशीच.

दिवा लागला. कुणी बोलेना. मग वडील म्हणाले, "हा संप हाय."

आमचे आजोबा १९८२ च्या संपात होते. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले त्यातले एक. वडील तेव्हा पोर. संप म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. ते म्हणाले, "लोक म्हणतात दुखी मेला, गरीब बिचारा. मी बघितलं ते येगळं. वाडा आला न्हाई. वाडा आला न्हाई म्हणून बामणाला ढोर वढावं लागलं."

मी त्या रात्री झोपलो नाही. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, मेलेली ढोरं ओढू नका, मेलेल्या ढोराचं मांस खाऊ नका. आपल्या पणजोबांनी गावोगाव ते काम सोडलं. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. आणि इथं पडद्यावर काय दिसतं? ज्यानं ते काम आपल्या गळ्यात बांधलं त्याच्याच हातात दोरी. मेलेला माणूस ओढणारा पंडित. हे चित्र आपण बघायचं नाही तर कुणी बघायचं? माझा दोस्त ते न बघताच निघून गेला. त्याचा राग खरा होता, पण दहा मिनिटं लवकर आला.

आता 'सद्गती'मधली खोटही सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल हा राय यांच्यावर भाळला. चांभारवाड्याचा नकार हा पिक्चरचा कणा आहे, पण कॅमेरा त्या वाड्यात फार थांबत नाही. ती माणसं काय बोलली, कोण भ्यालं, कोण म्हणालं जाऊ, कोण म्हणालं नको, कुणाची बायको काय म्हणाली, हे आपल्याला दिसत नाही. नकार येतो तोही पोलिसाच्या भीतीनं. स्वाभिमानानं नाही. त्याच काळात महाडचं पाणी पेटलेलं होतं, पण त्याची ठिणगी ह्या गावात पोचलेली दिसत नाही. पंडिताच्या घरातलं भांडं न् भांडं आपण बघतो. चांभारवाड्याची आतली बाजू अंधारातच राहते. ही खोट माहीत ठेवून बघा. पण बघा.

त्या रात्रीपासून मी पिक्चर निवडायची एक रीत धरली. माणूस जिंकतो का, हे मी बघत नाही. मी बघतो, ह्या पिक्चरात नकार कुठं आहे? कोण नाही म्हणतं? एकटा म्हणतो की सगळे मिळून? तोंडानं म्हणतो की हातानं? आणि नकाराची किंमत कोण भरतं?

माझ्या आईनं ह्यात भर घातली. ती म्हणाली, "बाई बोलली की रं. तुम्ही म्हंता वाडा गप बसला. झुरिया कुठं गप बसली?" खरंच. 'अंकुर' (१९७४) बघा. किष्टय्या मुका-बहिरा आहे, मार खातो. बोलते ती लक्ष्मी. शेवटी जमीनदाराला शिव्याशाप देते ते तीच. 'आक्रोश' (१९८०) बघा. लहाण्या भिकू जवळजवळ पिक्चरभर तोंड उघडत नाही. ओम पुरीचे नुसते डोळे. हे असं का? सिनेमावाल्यांना आपला पुरुष मुका लागतो. मुका असला की त्याची कीव करता येते. बोलला की तो प्रश्न विचारणार, मग कीव कशी करणार? बाईला मात्र रडू देतात, आणि रडता रडता ती दोन खरी वाक्यं बोलून जाते. आईचं हे म्हणणं आमच्या रविवारच्या बैठकीत फार गाजलं. तिथून पुढं आमच्या मुली नुसत्या बसून राहिल्या नाहीत.

दुसरा सांगतो तो 'चोमन दुडी'. कन्नड, १९७५, दिग्दर्शक ब. व. कारंत. शिवराम कारंतांच्या कादंबरीवर. त्या वर्षीचं सर्वोत्तम चित्रपटाचं सुवर्णकमळ ह्याला मिळालं आणि चोमाचं काम करणाऱ्या वासुदेव राव यांना सर्वोत्तम नटाचं बक्षीस. तरी आपल्या वस्तीत हे नाव ऐकलेला माणूस मला भेटला नाही.

दुडी म्हणजे ढोलाच्या जातीचं वाद्य. चोमा अस्पृश्य वेठबिगार. त्याच्याजवळ बैलजोडी आहे. स्वतः वाढवलेली. जमीन कसायची एवढीच इच्छा. पण अस्पृश्यानं जमीन कसायची नाही. म्हणजे बैल आहेत, हात आहेत, जमीन समोर पडलीय आणि नांगर धरायचा नाही. कर्जापायी पोरं मळ्यावर राबायला जातात. एक पोरगा नदीत बुडतो. काठावर माणसं आहेत, पण त्याला शिवायचं कसं म्हणून कुणी वाचवत नाही. शेवटी सगळं गेल्यावर चोमा झोपडीत एकटा बसून दुडी वाजवतो. वाजवतच मरतो.

पिक्चर कन्नड, खाली इंग्रजी अक्षरं. आमच्या निम्म्या माणसांना कन्नडही नाही आणि इंग्रजीही नाही. मग कॉलेजात जाणारी एक पोरगी टीव्हीच्या बाजूला उभी राहिली आणि वाचून मराठीत सांगत गेली. सांगता सांगता मधे स्वतःचंही घालायला लागली. "आता हा म्हणतो जमीन मिळणार नाही. का, तर म्हणे रीत नाही. रीत कुणी लिहिली ते काय सांगत नाही." लोक हसले. मी म्हणतो, असंच लावा. सिनेमावाल्याला आवडणार नाही, पण पिक्चर आपला झाला.

हलगीची घरं आमच्याही वस्तीत आहेत. दुडी सुरू झाली तसा त्यांतला एक म्हातारा मांडीवर बोटं वाजवायला लागला. पिक्चर संपल्यावर तो म्हणाला, "ह्यो माणूस एकटाच वाजवत बसला. कोण ऐकायला न्हाई. आमी वाजवतो ते दुसऱ्याच्या लग्नात. त्ये बी कोण ऐकत न्हाई, नाचत्यात." चोमाचा नकार खरा आहे, पण एकट्याचा आहे. 'सद्गती'त वाडा भीतीनं का होईना एकत्र राहिला, इथं चोमाच्या मागं वाडाच नाही. कर्जानं आणि मळ्यानं माणसं एकेकटी केली. गिरण्या बंद पडल्यावर आपल्या चाळींचं हेच झालं. म्हणून हे दोन पिक्चर लागोपाठच्या रविवारी लावा. एक बघून दुसरा कळतो.

दोन रविवार मरणाचे झाले. माणसं घटली. साठाची पंचवीस झाली. तेव्हा तिसऱ्या रविवारी लावा 'महात्मा फुले' (१९५४). आचार्य अत्र्यांचा. बाबूराव पेंढारकर जोतिबा, सुलोचनाबाई सावित्रीबाई. त्या वर्षीच्या मराठी चित्रपटाचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक ह्याला मिळालं. अत्र्यांचा 'श्यामची आई' सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. 'महात्मा फुले' मात्र टीव्हीवर शोधून सापडत नाही. हे आपोआप झालं असं ज्याला वाटतं त्यानं वाटून घ्यावं.

ह्या पिक्चरच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः आले होते. आणि आत गाडगेबाबा कीर्तन करताना दिसतात, खरे गाडगेबाबा, नट नव्हे. आमच्या विहारात गाडगेबाबा पडद्यावर आले तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. मला आधी राग आला. हात जोडायला आपण विहारात आलो का? मग लक्षात आलं, भिंतीवरच्या फोटोतला माणूस त्यांच्यासमोर पहिल्यांदाच हलला, बोलला होता.

पिक्चर जुना आहे, बोलणं नाटकी आहे. पण नकाराचं पुढं काय करायचं ते ह्यात आहे. जोतिबा नुसतं नाही म्हणून थांबत नाहीत, शाळा काढतात. सावित्रीबाईंवर शेण पडतं तरी त्या शाळेत जातातच. आणि आता हे बघा. २०२५ साली जोतिबांवर 'फुले' नावाचा हिंदी पिक्चर आला. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉरनं जातीची नावं काढायला, शब्द बदलायला लावले, तारीख पुढं ढकलली. म्हणजे इतिहास चालेल, पण जातीचं नाव घ्यायचं नाही. जखम दाखवा पण चाकू कुणाचा ते बोलू नका. १९५४ चा पिक्चर बघून मग ह्याचा विचार करा.

चौथ्या आणि पाचव्या रविवारी आनंद पटवर्धनांचे दोन. ह्यांत नट नाहीत, खरी माणसं आहेत. आधी 'हमारा शहर' (१९८५). मुंबईतल्या झोपड्या तोडण्यावरचा. हा दूरदर्शननं दाखवावा म्हणून पटवर्धनांना कोर्टात जावं लागलं. त्यांचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' १९९५ चा, त्याचा दूरदर्शनशी झगडा २००६ ला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला. सरकारी टीव्ही आपल्या पैशानं चालतो, पण आपली झोपडी त्यावर यायची तर न्यायाधीशाची सही लागते.

'हमारा शहर'मध्ये एक फुटपाथवरची बाई आहे. ती कॅमेरा घेऊन आलेल्यालाच फैलावर घेते. आमचे फोटो काढून तुम्ही काय करणार, आम्हाला काय मिळणार, असा तिचा सवाल. माझ्या पाहण्यातला हा सर्वांत मोठा नकार. आणि पटवर्धनांनी तो कापून टाकला नाही, ठेवला, ह्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे. कुर्ल्यातल्या माणसाला हा पिक्चर समजावून सांगावा लागत नाही. मिठीच्या काठावर, रुळांच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांना बुलडोझरचा आवाज झोपेतही ओळखू येतो. प्रीमियर मोटारींचा कारखाना होता तिथं आता कोहिनूर सिटी आहे. आमच्या घरात अजून पाणी रात्री भरावं लागतं.

ह्याच पिक्चरात विलास घोगरे गातात ते नीट ऐका. आणि पुढच्या रविवारी लावा 'जय भीम कॉम्रेड' (२०११). ११ जुलै १९९७ ला इथून जवळच घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी विलास घोगरेंनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीचा शाहीर, पण मरताना डोक्याला निळं फडकं बांधून गेला. पटवर्धनांनी चौदा वर्षं ह्या पिक्चरवर काम केलं. मागच्या रविवारी जो माणूस गाताना ऐकला तो ह्या रविवारी नाही, हे एकाच टीव्हीवर, एकाच खोलीत बघताना काय होतं ते मी सांगू शकत नाही. तुम्ही बघा. पिक्चर लांब आहे, तीन तासांच्या आसपास. मधे चहा ठेवा.

ह्या पिक्चरवर आमच्यात दणकून भांडण झालं. माझा तो दोस्त, पहिल्या रविवारी उठून गेलेला, परत आला होता. तो म्हणाला, "कॅमेरा कुणाचा? राय, कारंत, पटवर्धन. सगळे वरचे. आपलं मरण आणि त्यांचं बक्षीस." ह्याला मी काय उत्तर देणार? कॅमेरा आपला नाही हे खरं आहे. मी एवढंच म्हणालो की गिरणी माझी नाही, सूत माझं नाही, कापडही माझं नाही. पण रंग कुठं नीट चढला नाही ते मालकाच्या आधी मला दिसतं. कारण हात माझा त्यात आहे. तसंच पिक्चर बघू. कापड त्यांचं असंल, खोट आपण दाखवू. आणि एक ना एक दिवस कापडही आपलं काढू.

तो दिवस थोडा आलाय. नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३) तुम्ही बघितला असेल, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. 'सैराट'च्या गाण्यांत तो मागं पडला, एवढं मात्र बोललं पाहिजे. डुक्कर बांधून खांद्यावरून नेताना मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, फुले यांची चित्रं आहेत. आणि शेवटी जब्यानं मारलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. आमच्या विहारात पुढच्या रांगेतली पोरं डोकी खाली घालून बसली. दगड कुणाला लागला यावर तासभर बोलणं झालं. दोस्त म्हणाला, हा आपला कॅमेरा. मी म्हणालो, म्हणूनच दगड त्याच्यावरही येतो.

शेवटचा 'कोर्ट' (२०१४), चैतन्य ताम्हाणेचा. सर्वोत्तम चित्रपटाचं राष्ट्रीय बक्षीस मिळालं, ऑस्करला भारताकडून गेला, आणि ज्यांच्यावर आहे त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी बघितला. कमानीजवळच्या मॉलमध्ये तिकीट काढून बघायचा तर एका पाळीची मजुरी गेली असती. नारायण कांबळे नावाचा म्हातारा शाहीर. त्याच्यावर खटला की त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगारानं आत्महत्या केली. गाण्यानं माणूस मारला! गटारात विषारी वायू होता हे कुणाला ऐकायचं नाही. त्या कामगाराची विधवा साक्षीला उभी राहते. वायू आहे का ते नवरा झुरळं बघून ओळखायचा, असं ती सांगते. आवाज चढवत नाही. आमच्या विहारात तिच्या साक्षीला टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. बसलेल्यांपैकी तीन घरांतली माणसं सफाईत आहेत.

नारायण कांबळेचं काम केलंय वीरा साथीदार यांनी. ते नट नव्हतेच. नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही' मासिकाचे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये करोनानं गेले. आणि गाणी संभाजी भगतांची. म्हणजे दिग्दर्शक कुणी का असेना, तोंड आपलं आहे, आवाज आपला आहे. 'सद्गती'तल्या दुखीपासून इथपर्यंत बघत या. दुखी बोलत नाही. कांबळे बोलतो म्हणूनच खटला होतो. जामिनावर सुटतो, परत गातो, छापखान्यात पुस्तकाच्या कामाला लागतो आणि तिथूनच त्याला पुन्हा उचलतात. ह्या पानांवर लिहिणाऱ्या आणि ही पानं वाटणाऱ्या प्रत्येकानं तो प्रसंग दोनदा बघावा.

आता कामाच्या चार गोष्टी. एक, पिक्चर आधी स्वतः पूर्ण बघा, मगच लावा. दोन, आधी भाषण करू नका. नंतरही आधी बायकांना बोलू द्या. आपण पुरुष सुरू झालो की थांबत नाही. तीन, परीक्षेच्या दिवसांत आवाज कमी ठेवा, पोरांचा अभ्यास आपल्या सिनेमापेक्षा मोठा आहे. चार, कोण काय बोललं ते वहीत लिहून ठेवा. आमची वही अर्धी भरलीय. उद्या आपल्यातलं कुणी कॅमेरा हातात घेईल तेव्हा त्याला ती लागेल.

एक ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणाले, "पिक्चर दाखवून काय होणार? संघटना बांधा." मी त्यांचा मान ठेवून लिहितो. साठाची पंचवीस झाली होती. 'कोर्ट'च्या रविवारी ती चाळीस झाली. त्यातल्या सफाईतल्या तीन घरांनी दुसऱ्या दिवशी, आपल्याला हातमोजे आणि मुखवटे का मिळत नाहीत, असा अर्ज लिहून द्या म्हणून मला गाठलं. अर्ज मी लिहिला. सह्या अकरा झाल्या. अजून उत्तर आलेलं नाही. ह्याला संघटना म्हणायचं की नाही ते त्यांनीच ठरवावं.

तुमच्या वस्तीत तुम्ही काय बघितलं ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. माझी यादी चुकली असेल तर तसं लिहा. नकार कुठं सापडला तेवढं मात्र नक्की लिहा.

वडील अजून मधेच कधीतरी 'सद्गती'ची आठवण काढतात. परवा जेवताना म्हणाले, "ती कुऱ्हाड लाकडातच ऱ्हायली की रं."

मी म्हणालो, हो.

जयभीम.